उजवीकडचं तिच्याकडे

३ मार्च, मंगळवार

ठोकली! म्हणजे आम्ही नाही ठोकली, आम्हाला ठोकली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण दुपारपासून जो भेटतो तो उलटंच विचारतोय — "कुणाला ठोकलीत?"

रंगाच्या दुकानासमोरचा तिठा. सकाळचे साडेदहा. आम्ही दोघं वखारीच्या गल्लीतून येऊन मोठ्या रस्त्याला उजवीकडे वळणार होतो. व्हॅनमध्ये मागे दुकानदारांचे दोन वजनकाटे आणि माझी वजनांची पेटी. नेहमीसारखा थांबलो. डावीकडे बघितलं, मोकळं. ही म्हणाली, "चला." मी निघालो. आणि उजवीकडून एक पांढरी कुरियरची गाडी सरळ येऊन माझ्या पुढच्या चाकात घुसली!

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अगं, बघितलं नाहीस?" ही पांढरीफटक. म्हणाली, "वळणार होती ती... लाईट लागला होता."

बस्स! म्हणजे त्या कुरियरवालीने डावा इंडिकेटर दाखवला, 'तुमच्या गल्लीत शिरते' असं सांगितलं, आणि आली सरळ. याला काय म्हणायचं? वर गाडीतून उतरली ती मनगट धरून मलाच — "काका, तुम्ही मध्ये कसे आलात?" चोराच्या उलट्या बोंबा!

पेटी उघडून वजनं रस्ताभर सांडली होती. ही फूटपाथच्या कडेला बसून डांबरावर तळहात फिरवत एकेक गोळा करत होती. हादरली असणार बिचारी. पन्नास ग्रॅमचं काही सापडलं नाही.

माझ्या बरगडीला मुका मार. हिला खरचटलंही नाही, ते एक बरं झालं.

४ मार्च, बुधवार

व्हॅन गॅरेजमध्ये. गॅरेजवाला म्हणतो, विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत स्क्रूलासुद्धा हात लावणार नाही. या महिन्यात बावीस दुकानांचे काटे तपासायचेत. वीस-वीस किलोची वजनं काय डोक्यावर घेऊन फिरू?

विम्याचा फॉर्म भरला. चार पानं! आजोबांचं गोत्र तेवढं विचारायचं राहिलंय. तिसऱ्या पानावर प्रश्न — 'वाहन पुढे घेण्यापूर्वी चालकाने दोन्ही बाजू स्वतः पाहिल्या होत्या काय?' 'हो' लिहिलं.

लिहिताना जरा अडखळलो. या वहीत खरं लिहायला हरकत नाही, ही काही कोणी वाचणार नाही. माझी मान उजवीकडे वळत नाही. सहा वर्षं झाली. मणके घासलेत. डावीकडे झकास वळते, उजवीकडे मात्र हनुवटी खांद्याच्या बरीच अलीकडे अडते. त्यावर आम्ही तोडगा काढला. डावीकडचं मी बघायचं, म्हणजे हिच्या नाकासमोरून. उजवीकडचं हिने बघायचं, पुढे वाकून माझ्या छातीसमोरून. बघून झालं की ही डोकं मागे घेते आणि म्हणते, "चला." तिची बाजू माझ्याकडे, माझी बाजू तिच्याकडे. सहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही!

मग 'स्वतः' म्हणजे काय? पस्तीस वर्षांचा संसार आहे. हिने बघितलं म्हणजे मीच बघितलं.

७ मार्च, शनिवार

विम्याचा माणूस आला. कोवळा पोरगा, गळ्यात टाय, पायात पॉलिश. त्याचं नाव काही लक्षात राहिलं नाही, टायवाला म्हणू. आमच्या टेबलावरच कागद पसरून तिठ्याचं चित्र काढलं, माझं खोडरबर म्हणजे माझी व्हॅन आणि त्याच्या पेनचं टोपण म्हणजे कुरियर.

"काका, तुम्ही गल्लीतून येताय. थांबायचं तुम्ही. मोठ्या रस्त्यावरच्याला जाऊ द्यायचं."

"पण तिने इंडिकेटर दाखवला होता ना!"

"ती म्हणते, नव्हता दाखवला. आणि दाखवला असला तरी काका, ती प्रत्यक्ष वळायला लागेपर्यंत तुम्ही हलायचं नाही. दिवा लागला म्हणजे गाडी वळली असं होत नाही ना?"

मग तो दिवा कशाला बसवलाय? रोषणाई म्हणून? उद्या एखाद्या दुकानदाराने काट्यावर एक किलो दाखवावं आणि आठशे ग्रॅम द्यावं, आणि गिऱ्हाईकाला सांगावं, तुम्ही कशाला विश्वास ठेवलात! माझं सगळं आयुष्य काटे खरं बोलतील हे बघण्यात गेलं. काटा खोटं बोलला तर दोष काट्याचा. गिऱ्हाईकाचा नाही!

हे सगळं त्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि लिहिलं, 'चालकाचा दोष — शंभर टक्के (तूर्त).'

जाता जाता म्हणाला, इंडिकेटर लागलेला बघणारा साक्षीदार असेल तर दोषाची वाटणी होऊ शकेल. आणि दुसरी गोष्ट, अगदी गोड आवाजात — "साठीच्या पुढचा चालक असेल आणि पूर्ण दोष त्याच्यावर आला, तर आमची कंपनी डॉक्टरी तपासणी मागते. डोळे, गुडघे, मान वगैरे. नुसती फॉर्मॅलिटी हो!"

मान वगैरे! मान तपासली की संपलं. लायसन्स गेलं, व्हॅन गेली, बावीस दुकानं गेली. मी काय खिडकीत बसून येणारे-जाणारे मोजू?

पण साक्षीदार आहे की माझ्याकडे. घरातच आहे! टायवाल्याला म्हटलं, "सोमवारी जबाब तयार ठेवतो."

९ मार्च, सोमवार

जबाब मीच लिहून काढला, सुवाच्य अक्षरात. 'मी खाली सही करणार, उजवीकडून येणाऱ्या गाडीचा डावा इंडिकेटर चालू असल्याचे स्पष्ट पाहिले.' हिच्यापुढे ठेवला.

म्हणाली, "मला नीट आठवत नाही हो."

मला वाटलं थट्टा करतेय. ही! जिला लग्नात कुणी कोणता आहेर दिला तो पस्तीस वर्षांनी आठवतो! तिला सहा दिवसांपूर्वीचा दिवा आठवत नाही!

"तूच म्हणालीस ना, लाईट लागला होता?"

"म्हणाले असेन. घाबरले होते."

"म्हणजे लागला होता की नव्हता?"

"अहो, सोडा ना. जाऊ दे ती गाडी. मिळेल तेवढं मिळेल."

जाऊ दे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नको ते बोललो. 'परक्या बाईची बाजू घेतेस' वगैरे. ती उठून आत गेली. बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्या कानाकडे कुठेतरी बघत होती. पस्तीस वर्षांत आज पहिल्यांदा मला जाणवलं, हिने माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असं करत नाही.

१० मार्च, मंगळवार

अबोला. चहा अर्धा कपात, अर्धा बशीत. रागाने ओतल्यावर दुसरं काय होणार!

१२ मार्च, गुरुवार

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. कोर्टात टायपिंग करतो आणि स्वतःला न्यायाधीश समजतो. उंटावरून शेळ्या हाकणं हा जन्माचा धंदा. सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "भाऊजी, तिठ्यावरच्या केसमध्ये गल्लीतला माणूस कधी जिंकत नाही. मी शेकड्यांनी टाईप केल्यात."

म्हटलं, "तू टाईप केल्यास म्हणून नसतील जिंकले."

ही पटकन हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मेहुण्याला बाजूला घेऊन सांगितलं, बहिणीला समजाव, सही कर म्हणावं. तो आत गेला. पाव तास कुजबुज. बाहेर आला तो वेगळाच चेहरा घेऊन. म्हणाला, "भाऊजी, ताईला त्रास देऊ नका." चपला घातल्या आणि गेला! एरवी दोन कप चहा झाल्याशिवाय न हलणारा माणूस.

काय शिजतंय ते कळत नाही. ताकास तूर लागू देत नाहीत दोघं.

१४ मार्च, शनिवार

मिठाईवाल्याचा काटा रिक्षात घालून घरी आणला. स्वयंपाकघराच्या टेबलावर तपासला. वजनं काढायला पेटी उघडली तर दोनशेच्या खाचेत शंभरचं, शंभरच्या खाचेत बोटाएवढी फट ठेवून वीसचं. पेटी लावायचं काम हिचं. इतकी वर्षं ही डोळे मिटून लावायची, म्हटलं तर मिटूनच.

बोललो. "घरात राग आहे तर घरात ठेव, वजनांवर काढू नकोस."

ती म्हणाली, "चुकलं."

नुसतं 'चुकलं'! भांडली असती तर परवडलं असतं. हिला भांडताना ऐकण्याची मला सवय आहे. गप्प हिच्याशी कसं बोलायचं ते मला येत नाही.

१७ मार्च, मंगळवार

आज एक काम केलं. सकाळी बसने तिठ्यावर गेलो आणि रंगाच्या दुकानाच्या पायरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दुकानाला कुलूप, मालक गावाला गेलाय. एका तासात एकशे चाळीस गाड्या गल्लीत वळल्या. त्यातल्या एकवीस जणांनी इंडिकेटर दाखवलाच नाही. आणि सहा जणांनी डावा इंडिकेटर दाखवला आणि आपले सरळ निघून गेले! सहा! एकाचा तर मागच्या चौकापासून चालू असणार, आत गाणी लावून मान हलवत चालला होता. एक शाळेची बस. शाळेची! मुलांना काय शिकवणार?

आकडे बघून मला इतका आनंद झाला की पायरीवरूनच टायवाल्याला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे काका, इंडिकेटरवर विश्वास ठेवू नये हे तुम्हीच सिद्ध केलंत ना?"

फोन आपटणार होतो, पण माझाच होता.

१९ मार्च, गुरुवार

कुरियरवालीचा पत्ता फॉर्मवर होता. गेलो. जाऊ नये म्हणतात, पण मला राहवेना. तोंडावर विचारतो म्हटलं, खरं काय ते.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार तिनेच उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दहा वर्षांची मुलगी तिची वेणी घालत होती, आईची! एका हाताने घालता येत नाही ना. मी दारातच जरा ओशाळलो. पण आलोय तर बोललं पाहिजे.

"इंडिकेटर चालू होता तुमचा."

"नव्हता हो काका. मला तिथे वळायचंच नव्हतं, मी कशाला लावीन?"

"मग ब्रेक का नाही मारलात? आम्ही बाहेर येताना दिसलो नाही?"

ती म्हणाली, "दिसलात. तुम्ही समोर बघत होतात, पण काकू वाकून सरळ माझ्याकडे बघत होत्या. अगदी माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, यांनी बघितलंय, आता थांबतील. म्हणून मी वेग कमी केला नाही."

मी म्हटलं, "बरोबर. बघितलंच होतं तिने!"

हातच्या काकणाला आरसा कशाला? समोरची पार्टीच सांगतेय, हिने बघितलं! सरळ, स्वच्छ बघितलं! मग आठवत नाही म्हणजे काय?

निघताना मुलीने पाणी दिलं. कुरियरवाली म्हणाली, प्लास्टर निघेपर्यंत कामावर घेत नाहीत, आणि दोष तिच्यावर आला तर नंतरही घेतील की नाही माहीत नाही. कुणाच्या तरी डोक्यावर येणारच ना दोष.

२० मार्च, शुक्रवार

आज आवाज चढवला. शेजारच्यांनी रेडिओ बंद केला, इतका. कुरियरवाली काय म्हणाली ते सांगितलं. "सरळ बघत होतीस तिच्याकडे! ती म्हणते! आता तरी कबूल कर!"

ही खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मी तिच्याकडे बघत होते, असं म्हणाली ती?"

"हो!"

"द्या कागद."

सही केली. पण कशी? खाली रेघ आखलेली, ठळक. ती सोडून वर, माझ्या जबाबाच्या मधोमध, अक्षरांवरून! माझ्या सुवाच्य तीन ओळी गिरगोटा झाल्या. मुद्दाम! मी कागद तिच्या हातातून ओढला. ती म्हणाली, "नका हो देऊ तो." मी म्हटलं, "असाच देणार!"

दिला. टायवाल्याने उलटा-सुलटा करून बघितला आणि परत केला. "काका, हे चालणार नाही. वाचताच येत नाही. आणि खरं सांगू? असं वाटतं की कोणीतरी जबरदस्तीने सही घेतलीय."

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार?

२१ मार्च, शनिवार

रंगवाला मंगळवारी परत येतोय. त्याच्या दुकानावर कॅमेरा आहे! अठरा दिवस डोक्यात आलं नाही. पायरीवर तासभर बसलो तेव्हा माझ्या टकलावरच टांगलेला होता!

त्याचा रंग मिसळायचा काटा गेली नऊ वर्षं मीच लावून देतो. नाही म्हणायचा नाही.

२४ मार्च, मंगळवार

होता! होता! इंडिकेटर होता!

रंगवाल्याने मागच्या खोलीत, डब्यांच्या गर्दीत, छोट्या पडद्यावर दाखवलं. तीन तारीख, दहा वाजून एकतीस मिनिटं. पांढरी गाडी उजवीकडून येते आणि डावा दिवा टकटक टकटक. मोजले — सात वेळा लागला. मागच्या वळणापासून चालू राहिला असणार, तिला पत्ताच नाही. रंगवाला म्हणाला, "घ्या, जिंकलात!" मी त्याला मिठी मारली. शर्टाला पिवळा रंग लागला, लागू दे!

एकच गोष्ट जरा खटकली. पडद्यावर आम्ही दोघंही दिसतो. ही पुढे वाकलेली. मी समोर बघत बसलोय, मातीच्या गणपतीसारखा. एवढं सगळं उजवीकडून येतंय आणि मी ढिम्म. आपण असे दिसत असू हे मला माहीत नव्हतं.

फोनमध्ये उतरवून घेतलं आणि रिक्षाने घरी. जिन्यातूनच ओरडलो, "अगं, इंडिकेटर लागला होता! सात वेळा! कॅमेऱ्यात आहे!"

ही ओट्याशी उभी होती. वळली. माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "लागला होता? खरंच लागला होता?"

आणि रडायला लागली. हुंदके देऊन. मी हसतच होतो. म्हटलं, "अगं वेडे, तूच तर मला सांगितलंस, लागला होता म्हणून!"

ती पदराने तोंड पुसत राहिली.

मी फोन तिच्या पुढ्यात धरला. म्हटलं, "बघ ना, हा बघ दिवा." तिने फोन हातात घेतला, नाकाशी नेला, मग बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग परत दिला.

मी खुर्चीत बसलो. चहा बशीत. वजनं भलत्या खाचेत. सही भलत्या ठिकाणी. तळहात डांबरावर फिरत होते. आणि मी गाढव! कॅमेरे शोधत तिठ्यातिठ्यावर हिंडतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२५ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भिंतीवरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर हिला मान वाकडी केल्यावर दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, म्हणून घरात चालता-फिरता येतं, जिना चढता येतो, कोणाला कळत नाही. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं. "समोरच्या माणसाचा चेहरा बघायला यांना त्याच्या कानाकडे बघावं लागत असेल," म्हणाल्या.

म्हणजे ही माझ्याकडेच बघत होती. सतरा दिवस. आणि मी काय काय बोललो तिला!

आणि ती कुरियरवाली म्हणत होती, सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सरळ बघितलं म्हणूनच दिसली नाही.

किती दिवस झाले, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ही म्हणाली, "दोन वर्षं असतील. त्याआधी एकच डोळा गेला होता." मला हे कधी सांगितलं नाही. भावाला सांगितलं, तेही आत्ता, तो मागे लागला तेव्हा.

बाहेर बाकावर बसलो. मी रागवायला तोंड उघडलं होतं, खरंच. ही माझ्या आधी म्हणाली, "तुमची मान कोणाला कळू नये म्हणून मी सहा वर्षं गप्प बसले. मग माझे डोळे तेवढे कशाला सांगायचे? व्हॅन बंद झाली असती. तुम्ही घरात बसून काय केलं असतंत? मला खाल्लं असतंत."

"मेलो असतो ना गं आपण!"

"हो," ती म्हणाली. "आणि ती पण. रोज तेच येतं हो मनात. तिच्या हाताला प्लास्टर आहे ना? मुलगी केवढी आहे म्हणालात?"

मी सांगितलं, दहा. वेणी घालत होती तेही सांगितलं. मला या बाईचा इतका राग आला आहे आणि इतकी दया आली आहे की कोणतं किती ते मला सांगता येणार नाही.

२६ मार्च, गुरुवार

टायवाल्याकडून नवा फॉर्म मागून घेतला. तिसरं पान. 'चालकाने दोन्ही बाजू स्वतः पाहिल्या होत्या काय?' — नाही. खाली मानेचं लिहिलं. रंगवाल्याकडचं चित्रणही दिलं, ते खरं आहे म्हणून. व्हॅनची चावी हिच्या डब्यात कायमची टाकली.

बसने परत येताना हिला विचारलं, "दिसत नव्हतं, मग दोन वर्षं 'चला' कशावरून म्हणायचीस?"

म्हणाली, "कान देऊन ऐकायचे. आवाज नसला आणि तुमचा पाय क्लचवरून हलला की म्हणायचे. वाटायचं, तुम्हाला कोपऱ्यातून थोडं दिसत असेल, म्हणूनच हलवताय."

आणि मी पाय हलवायचो तो हिने डोकं मागे घेतलं की. वाटायचं, हिने बघितलंय.

म्हणजे उजवीकडे दोन वर्षं कोणीच बघत नव्हतं.